ते व्हीलचेअरचं चित्र असलेलं टॉयलेट: कोणी वापरायचं आणि कसं वापरायचं

मॉल, मेट्रो स्टेशन, मोठं हॉस्पिटल, कुठेही गेलात की लेडीज आणि जेंट्सच्या अधेमधे एक तिसरं दार दिसतं, त्यावर व्हीलचेअरचं चित्र. मणक्याला मार लागला त्याला आता नऊ वर्षं झाली, तेव्हापासून माझं बाहेर जाणं त्या एका दारावर ठरतं. कुठेही निघायच्या आधी पहिला फोन त्यासाठीच असतो, आहे का, उघडं असतं का, किल्ली कोणाकडे असते, बाकी सगळं नंतर.

मैत्रिणी, नातेवाईक, सोसायटीतले लोक मला हमखास विचारतात, अगं आम्ही वापरलं तर चालतं का ते, आईचे गुडघे गेलेत, साध्या टॉयलेटमध्ये बसली की तिला उठताच येत नाही. आणि विचारताना आवाज एकदम बारीक होतो, काहीतरी चोरी केल्यासारखा. त्यांच्यासाठी आणि त्यांच्यासारख्या सगळ्यांसाठी हे सविस्तर लिहितेय.

तर, चालतं. गरज असेल तर बिनधास्त वापरा. फक्त वापरताना आणि बाहेर पडताना काय बघायचं ते नीट माहीत पाहिजे, कारण तुमच्यानंतर येणाऱ्या माणसाला दुसरं दार नसतं.

कोणाकोणाचं आहे ते

चित्र व्हीलचेअरचं असलं तरी 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकारची अपंगत्वं आहेत आणि त्यातली कितीतरी नुसतं बघून कळत नाहीत. कॅलिपर घालणारे, कुबड्यांवाले, पार्किन्सन्सचे पेशंट हे लगेच दिसतात. पण कायद्याच्या यादीच्या बाहेरचेही बरेच जण आहेत ज्यांना हेच टॉयलेट लागतं. पोटावर स्टोमाची पिशवी (ऑपरेशन करून पोटावर केलेल्या छिद्रातून शी किंवा लघवी जमा होते ती) असलेला माणूस बाहेरून एकदम ठणठणीत दिसतो, त्याला ती पिशवी एक तृतीयांश ते अर्धी भरली की रिकामी करावी लागते, त्यासाठी आतच पाणी, आतच आरसा, सामान ठेवायला एखादी फळी आणि कचऱ्याचा डबा लागतो, आणि हे सगळं साध्या टॉयलेटच्या खोपटात नसतं. कोलायटिस किंवा क्रोन्स या आतड्याच्या आजारवाल्याला लागली की लागली, दोन मिनिटंसुद्धा थांबता येत नाही. गुडघे बदललेल्या आजी, सातवा-आठवा महिना चाललेली बाई, हे पण त्यातच.

आणि मग सोबत करणारे. पक्षाघात झालेल्या बायकोला धरून नेणारा नवरा कुठे जाणार, लेडीजमध्ये त्याला कोणी येऊ देत नाही आणि जेंट्समध्ये तो तिला नेऊ शकत नाही. माझ्या ओळखीत एक ताई आहेत, त्यांचा मुलगा चौदा वर्षांचा, ऑटिझम आहे, अंगाने बापाएवढा झालाय आणि अजून त्याला एकट्याने जमत नाही. लेडीजमध्ये नेलं तर बायका ओरडतात, एवढा मोठा घोडा इथे कशाला आणला म्हणून. त्यांना हे तिसरं दार म्हणजे बाहेर पडण्याची एकमेव सोय आहे, माझ्याइतकीच. चार वर्षांच्या मुलीला घेऊन एकटा फिरणारा बाबा, बाळाचं डायपर बदलायला कुठेच टेबल न सापडलेली आई, यांनाही मी कधी नाही म्हणणार नाही, फक्त बाहेर कोणी व्हीलचेअरवर थांबलेलं असेल तर आधी त्याला जाऊ द्या.

ट्रान्स लोकांचं वेगळं सांगते कारण त्यावर वाद फार होतात. सुप्रीम कोर्टाने ट्रान्स लोकांच्या हक्कांबद्दलच्या 2014 च्या नालसा निकालात सरकारांना त्यांच्यासाठी वेगळ्या सार्वजनिक शौचालयांची सोय करायला सांगितलं. 2021 मध्ये दिल्ली मेट्रोने आपल्याकडची दिव्यांगांसाठीची टॉयलेट्स, 347 होती तेव्हा, ट्रान्सजेंडर प्रवाशांनाही खुली केली आणि बाहेर तशा पाट्या लावल्या. मला हे पटतं, लेडीजमध्ये गेली तरी शिव्या आणि जेंट्समध्ये गेली तर धोका, अशी गत असलेल्या बाईला मी कोणत्या तोंडाने बाहेर थांब म्हणू. पण यावर सगळं भागलं असं समजून नवीन बांधायचंच नाही हे मात्र चालणार नाही, स्टेशनवर एकच दार आणि त्यात आम्ही सगळे, असं असेल तर दारं वाढवा अशी मागणी आम्ही दोघांनी मिळून केली पाहिजे, आपापसात भांडण्यापेक्षा.

मुंबईकरांना हे नवीन नाही. लोकलच्या दिव्यांग डब्यात कॅन्सरचे पेशंट आणि गरोदर बायका बसतातच की.

आत काय चालतं ते एकदा समजून घ्या

हे वाचायला थोडं अवघड वाटेल पण याशिवाय पुढचं कळणार नाही. मी आत जाते, खुर्ची कमोडच्या शेजारी तिरकी लावते, ब्रेक ओढते, खुर्चीचा एका बाजूचा हात काढून ठेवते, फूटरेस्ट वळवते. मग एक हात भिंतीच्या दांडीवर, दुसरा सीटच्या कडेवर, आणि अख्खं अंग दोन हातांवर उचलून खुर्चीतून कमोडवर सरकवायचं. त्या दोन सेकंदांत पायांचा काही उपयोग नसतो. सीट ओली असेल तर हात सटकतो. फरशीवर पाणी असेल तर ब्रेक लावलेली खुर्चीसुद्धा घसरते आणि मी मधे पडते, एकदा पडले आहे, कमोड आणि भिंतीच्या मधे अडकून, फोन बाहेर पर्समध्ये.

आणखी एक गोष्ट कोणाच्याच लक्षात येत नाही. मी चाकं हाताने ढकलते. म्हणजे फरशीवर जे काही सांडलंय ते चाकाला लागतं आणि चाकावरून थेट माझ्या तळहाताला, आणि त्याच हातांनी मला कॅथेटर, म्हणजे लघवी काढायची नळी, घालायचा असतो, दर चार-पाच तासांनी. साबण लावते, सॅनिटायझर चोळते, त्याने धोका कमी होतो, तरी इन्फेक्शनची भीती राहतेच. त्या भीतीने आमच्यातले खूप जण बाहेर जायचं असलं की सकाळपासून पाणीच पीत नाहीत, आणि मग त्याने वेगळा त्रास सुरू होतो.

एवढं सगळं करायला मला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. आणि थांबणं म्हणाल तर, मानेत किंवा छातीच्या वरच्या भागात मणक्याला इजा झालेल्यांना, डॉक्टर टी-6 मणका किंवा त्याच्या वर म्हणतात, मूत्राशय जास्त भरलं तर बीपी एकदम वर जातं, डोकं फुटायची वेळ येते, घाम सुटतो, ते जिवावर बेतू शकतं. तुम्ही आत मेसेज वाचत बसलात आणि बाहेर तसा कोणी असेल तर त्याची ती दहा मिनिटं साधी नसतात.

आता प्रत्यक्ष वापरताना

पहिलं म्हणजे आत जायच्या आधी एकदा बघा, नेहमीचं टॉयलेट रिकामं आहे का आणि तुम्हाला ते जमण्यासारखं आहे का. दोन्ही हो असेल तर तिकडे जा. लाइन लांब आहे, हे स्वच्छ दिसतंय, इथे आरसा मोठा आहे, ही कारणं नाहीत. साडी नेसायची असेल, ड्रेस बदलायचा असेल, फोनवर बोलायचं असेल तर दुसरी जागा बघा.

सीटवर चप्पल घालून चढू नका. हे मी हात जोडून सांगते. दुसऱ्याच्या सीटवर बसायची किळस वाटते हे मला कळतं, पण मी त्याच सीटवर हात टेकते आणि चपलेच्या चिखलाने ती सीट ओरखडते, कधीकधी बिजागरीतून सैल होते, आणि सैल सीट म्हणजे माझ्यासाठी सरळ पडणं. टिश्यू अंथरा, कागद अंथरा, सीट पुसून घ्या, नाहीच जमलं तर इंडियन असेल तिकडे जा.

जेट स्प्रे जपून वापरा. आपल्याकडे पाणी लागतंच, मला पण लागतं, पण आधी पाइप नीट धरायचा आणि मग दाबायचं. झाल्यावर सीट आणि सीटच्या दोन्ही कडा कोरड्या पुसा, फरशीवर पडलं असेल तर वायपर कोपऱ्यात असतोच, दोन हात मारा. दहा-पंधरा सेकंदांचं काम आहे. वायपर नसेल तर बाहेरच्या मावशींना सांगा की आत पाणी झालंय, सांगायला लाजू नका.

बादली, मग, कचऱ्याचा डबा कमोडच्या शेजारच्या मोकळ्या जागेत सरकवू नका. ती जागा रिकामी दिसते म्हणून प्रत्येकाला वाटतं इथे ठेवावं, पण माझी खुर्ची नेमकी तिथेच लागते, आणि खुर्चीत बसून ओली भरलेली बादली बाजूला करणं काय असतं ते एकदा करून बघा. भिंतीला घडीची दांडी असेल तर जाताना ती वर करून ठेवा, खाली राहिली की खुर्ची आत शिरत नाही. बाळाचं टेबल उघडलं असेल तर परत मिटा. डायपर, पॅड कागदात गुंडाळून डब्यात, फ्लशमध्ये नाही, कारण हे टॉयलेट तुंबलं की अख्ख्या मजल्यावर आम्हाला दुसरं नसतं.

दाराशी उभं असताना

एकदाच वाजवा आणि थांबा. आतल्या माणसाने आवाज द्यायचा, "आत आहे, दहा मिनिटं लागतील". एवढं कळलं तरी बाहेरच्याला ठरवता येतं की थांबायचं का दुसऱ्या मजल्यावर जायचं. दार धडाधडा वाजवत राहिलं की आतला माणूस घाई करतो आणि घाईत पडतो.

मागे एका मॉलमध्ये मी बराच वेळ बाहेर थांबले होते, डोकं तापलेलं. दार उघडलं आणि साठ-पासष्टच्या एक काकू बाहेर आल्या, नीट चालत, हातात शॉपिंगची पिशवी. मी तोंड उघडणार तेवढ्यात त्यांनी मला बघितलं आणि चेहरा एकदम पडला. "अगं बाई, तू थांबली होतीस होय. सॉरी गं, माझं ऑपरेशन झालंय, पोटावरची पिशवी बदलत होते." मी म्हटलं, "काकू, सॉरी काय त्यात, तुमचंही आहेच हे." त्या गेल्या, मी आत गेले, सीट पुसलेली, फरशी कोरडी, बादली कोपऱ्यात. मी जे बोलणार होते ते तोंडातून निघालं असतं तर काय झालं असतं हे आठवून अजूनही अंगावर काटा येतो.

म्हणून हे आमच्या लोकांना, व्हीलचेअरवाल्यांना पण सांगते. बाहेर येणाऱ्याकडे दिव्यांगाचं कार्ड मागू नका, तुम्हाला काय झालंय असं विचारू नका. आपल्यालाच ते किती वेळा विचारलं जातं आणि कसं लागतं हे आपल्याला माहीत आहे. खरंच घाई असेल तर आधी सांगा, "दादा, मला लवकर जायचंय, सोडता का", बहुतेक लोक सोडतात. आणि कोणी पोरं आत सेल्फी काढत बसली असतील तर शांतपणे पण स्पष्ट सांगा, ते सांगायचा आपला हक्क आहे.

ज्यांच्या हातात ते टॉयलेट आहे त्यांच्यासाठी

कुलूप लावू नका. गैरवापर होतो म्हणून लावलं असं प्रत्येक ठिकाणी सांगतात, पण किल्लीवाला दादा जेवायला गेलेला असतो आणि मी बाहेर घामाघूम. लावायचंच असेल तर किल्ली दारापासून हाकेच्या अंतरावर ठेवा आणि कोणाकडे आहे, फोन नंबर काय, हे दारावर मोठ्या अक्षरात मराठीत लिहा. आणि मागणाऱ्याची चौकशी करू नका.

आत पोछे, फिनाइलचे कॅन, तुटक्या खुर्च्या ठेवायची गोडाऊन करू नका. दार बाहेर उघडणारं किंवा सरकणारं पाहिजे, उघडल्यावर 90 सेंटीमीटर मोकळी जागा मिळाली पाहिजे, आत खुर्ची गोल फिरवायला दीड मीटर, सीट जमिनीपासून 45 ते 48 सेंटीमीटर. आपत्कालीन दोरी असेल तर ती जमिनीपर्यंत खाली लोंबती ठेवा, वर गुंडाळून बांधू नका, पडलेला माणूस जमिनीवर असतो. बाहेरच्या पाटीवर व्हीलचेअरसोबत काठीवाले आजोबा, बाळ, गरोदर बाई अशी चित्रं आणि "प्रत्येक अपंगत्व दिसतंच असं नाही" एवढी एक ओळ लिहा, निम्मे वाद तिथेच थांबतील.

बंद असेल, मोडलेलं असेल तर फोटो काढा, तारीख लिहा, आधी मॅनेजरला किंवा स्टेशन मास्तरला लेखी द्या, सरकारच्या सुगम्य भारत अ‍ॅपवर टाका, महापालिकेचं असेल तर वॉर्ड ऑफिसला द्या. तरीही नाही हलले तर पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयाकडे अर्ज करता येतो. कायदा मोडला तर पहिल्या वेळी 10,000 रुपयांपर्यंत दंड आहे, पुढच्या वेळी 50,000 ते 5 लाख, हे अर्जात लिहिलं की लोक जरा लक्ष देऊन वाचतात.

पण सगळ्यात आधी तिथे साफसफाई करणाऱ्या मावशींशी बोला. मी जिथे फिजिओला जाते तिथे दांडीवर कायम ओला फडका वाळत घातलेला असायचा, दोन महिने मी गुपचूप उचलून खाली टाकायचे आणि त्या परत घालायच्या. मग एक दिवस त्यांना आत बोलावलं, दार लावलं आणि मी खुर्चीतून कमोडवर कशी जाते ते त्यांच्यासमोर करून दाखवलं. काही बोलल्या नाहीत. दांडीला हात लावून बघितला, स्वतःच्या पदराला पुसला, आणि दुसऱ्या दिवशी खिडकीच्या गजाला एक नवी दोरी बांधलेली होती, फडका आता तिथे असतो.