‘लिंक आहे का?’ विचारण्याआधी: फुकट सिनेमाच्या साइटवर या चुका टाळा

शुक्रवारी नवा मराठी सिनेमा लागतो आणि शनिवारी संध्याकाळी वाड्यावरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी विचारतंच, “लिंक आहे का?” विचारणाऱ्याची अडचण खोटी नसते. गोव्यात मराठी सिनेमाचे शो मोजके. काणकोण किंवा सत्तरीच्या आतल्या गावातून पणजी-मडगाव गाठायचं तर तिकिटाच्या जोडीला पेट्रोलही आलं. पण लिंक देणारी साइट चालवायलाही खर्च लागतो, आणि ती तुमच्याकडून तिकीट घेत नाही. मग तिला पैसा कुठून मिळतो? हा प्रश्न मनात ठेवला तर पुढच्या बऱ्याचशा चुका होणारच नाहीत.

‘अलाऊ’ दाबणं

अशा साइटवर ‘प्ले’चं बटण बहुतेक वेळा नावालाच असतं. त्याच्यावर न दिसणारा जाहिरातीचा थर असतो, म्हणून पहिल्या टॅपला सिनेमा सुरू न होता नवी टॅब उघडते. तिथे मजकूर येतो, ‘तुम्ही रोबोट नाही हे दाखवण्यासाठी अलाऊ दाबा.’ खऱ्या पडताळणीसाठी नोटिफिकेशनची परवानगी कधीच लागत नाही. ती दिलीत की दुसऱ्या दिवसापासून फोनवर ‘व्हायरस सापडला’, ‘केवायसी संपली’ असे संदेश टपकू लागतात.

इथे लोक घाबरून आणखी एक चूक करतात. त्याच संदेशातलं ‘क्लीनर’ ॲप उतरवून घेतात. प्रत्यक्षात या टप्प्यावर फोनमध्ये व्हायरस असेलच असं नाही, फक्त एका साइटला बोलायची परवानगी मिळालेली असते. तो संदेश बोटाने दाबून धरा, कोणत्या साइटचा आहे ते दिसेल, तिथेच तो बंद करा. किंवा क्रोमच्या सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशनच्या यादीत जाऊन अनोळखी पत्ते काढून टाका. दोन मिनिटांचं काम आहे.

कुलुपावर विश्वास

पत्त्याच्या सुरुवातीला ‘एचटीटीपीएस’ किंवा कुलूप दिसलं की साइट चांगली, हा समज अजून जात नाही. तुमचा फोन आणि साइट यांच्यातलं बोलणं वाटेत कुणी वाचत नाही, एवढाच त्याचा अर्थ. पलीकडे बसलेला माणूस कोण, हे त्यातून कळत नाही. या गैरसमजामुळेच गुगलने २०२३ मध्ये क्रोममधून कुलपाचं चिन्ह काढलं.

साइटच्या नावाचंही तसंच. २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अशा साइटींच्या नव्या अवतारांवरही बंदी लागू करता येईल असा मार्ग काढला. तरीही एक पत्ता बंद झाला की दुसरा उगवतो. ‘तीच साइट, नवा पत्ता’ म्हणून आलेली लिंक त्याच लोकांची आहे याची खात्री कुणीच देऊ शकत नाही. मूळ नाव उचलून वेगळीच टोळी दुकान थाटते.

सिनेमासाठी एपीके उतरवणं

सगळ्यात महाग पडते ती ही चूक. ‘प्लेअर अपडेट करा’ म्हणत साइट एपीके फाइल देते, म्हणजे प्ले स्टोअरला वळसा घालून थेट फोनवर टाकायचं ॲप. फोन सावध करतो, आपण ‘अज्ञात स्रोताला परवानगी’ देऊन पुढे जातो. मग ते ॲप एसएमएस वाचायची आणि ॲक्सेसिबिलिटीची परवानगी मागतं. पहिलीतून बँकेचा ओटीपी त्याच्या हाती जातो. दुसरीतून ते पडद्यावरचं वाचतं आणि तुमच्या वतीने बटणंही दाबतं. सिनेमा दाखवायला यातलं काहीच लागत नाही.

टाकून झालं असेल तर क्रम महत्त्वाचा. आधी फोन एअरप्लेन मोडवर टाका आणि वाय-फाय बंद झालंय ना ते पाहा. मग घरातल्या दुसऱ्या फोनवरून बँकेला फोन करा, खातं, कार्ड आणि यूपीआय थांबवा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० हा सायबर हेल्पलाइनचा नंबर. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यांत पसरत जातात. राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार नोंदवता येते, आणि समोरासमोर बोलायचं असेल तर गोवा पोलिसांचं सायबर क्राइम स्टेशन रायबंदरला आहे.

त्यानंतर ॲप काढा. ‘अनइन्स्टॉल’ दाबलं जात नसेल तर सेटिंग्जमध्ये ‘डिव्हाइस ॲडमिन’ शोधून त्या ॲपची खूण काढा, नाहीतर फोन सेफ मोडमध्ये (बाहेरून टाकलेली ॲप्स बंद ठेवून) सुरू करून पुन्हा प्रयत्न करा. माझ्या मते त्यानंतरही फोटो बाजूला काढून फॅक्टरी रीसेट करावाच. पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या फोनवरून. कॉल दुसरीकडे वळवले गेले असतील अशी शंका असेल तर ##००२# डायल करा, सगळी वळणं रद्द होतात.

‘मीच लिंक दाबली, आता बँक काय करणार’ असं म्हणून गप्प बसू नका. रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये आणलेल्या नियमानुसार ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे पैसे गेले तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणून लाज बाजूला ठेवून आधी फोन करायचा.

‘सगळे ओटीटी कायम फुकट’ देणारा डबा

होमस्टे चालवणाऱ्यांनी हे नीट वाचावं. खोलीत टीव्हीला कसलातरी स्वस्त अँड्रॉइड बॉक्स जोडून पाहुण्यांची सोय केली जाते. अशा काही बॉक्समध्ये कारखान्यातूनच घातक सॉफ्टवेअर भरून येतं. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने ‘बॅडबॉक्स २.०’ नावाने याबद्दल इशारा दिला होता. तुमचं इंटरनेट मग परक्या माणसाच्या उद्योगांसाठी वापरलं जातं आणि इंटरनेटचा पत्ता मात्र तुमचा दिसतो. पाहुण्यांची ओळखपत्रं ज्या लॅपटॉपवर ठेवता, तोही त्याच वाय-फायवर असतो.

शिवाय कॉपीराइट कायद्यात हॉटेलच्या खोल्यांमध्ये एकाच वेळी दाखवणं हेही सार्वजनिक प्रसारण धरलं आहे. ‘घरच्या घरी बघतो’ ही सबब तिथे चालत नाही. सिनेमॅटोग्राफ कायद्याच्या २०२३ च्या दुरुस्तीनंतर चोरून चित्रीकरण करणं किंवा ते पसरवणं यासाठी तीन महिने ते तीन वर्षं कैद आणि किमान ३ लाख रुपये दंड आहे. चवथीच्या दिवसांत मंडपात प्रोजेक्टरवर डाउनलोड केलेला सिनेमा लावणाऱ्या मंडळांनीही आधी विचार करावा.

व्हीपीएन, म्हणजे तुमचं इंटरनेट दुसऱ्या सर्व्हरमार्गे फिरवणारी सोय, याबद्दल थोडक्यात: तो फार तर तुमचा इंटरनेटचा पत्ता लपवतो, एपीकेमधला चोर अडवत नाही.

मग बघायचं कुठे?

बऱ्याच जणांनी पैसे आधीच भरलेले असतात आणि त्यांना पत्ता नसतो. मोबाइल रिचार्ज किंवा ब्रॉडबँडच्या पॅकसोबत कोणते ओटीटी मिळतात ते कंपनीच्या ॲपमध्ये एकदा उघडून पाहा. प्रसार भारतीचं ‘वेव्हज’ हे ॲप तर २० नोव्हेंबर २०२४ ला आपल्या गोव्यातल्या इफ्फी चित्रपट महोत्सवातच सुरू झालं. त्यातलं पुष्कळ काही फुकट आहे, दूरदर्शनच्या वाहिन्यांसकट. मात्र ते प्ले स्टोअरवरूनच घ्या आणि बनवणाऱ्याच्या जागी प्रसार भारतीचं नाव आहे का ते बघा. इंटरनेटच धड चालत नसेल तिथे डीडी फ्री डिशची छत्री अजूनही उत्तम, महिन्याचं भाडं नाही.

मराठीसाठी झी५, प्राइम व्हिडिओ, जिओहॉटस्टार आणि अल्ट्रा झकास. जुने सिनेमे आणि नाटकं यूट्यूबवर निर्मात्यांच्या अधिकृत चॅनलवर भरपूर सापडतात. मालिकेच्या एका भागासाठी वर्षाची वर्गणी घेऊ नका, एक महिना घ्या, आणि ऑटोपे नको असेल तर यूपीआय ॲपमधून तो बंद करा. टेलिग्रामवर ‘प्रीमियम खातं अर्ध्या किमतीत’ विकणारे टाळा. ते बहुधा दुसऱ्याचं चोरलेलं खातं असतं.

आपल्याकडे फुटबॉलच्या रात्री लिंकची शोधाशोध सिनेमापेक्षाही जास्त असते, आणि घाईत हात कुठेही पडतो. ज्या स्पर्धा फॅनकोड या खेळांच्या ॲपवर असतात, त्यांचा एकाच सामन्याचा पासही मिळतो. सामना सुरू व्हायच्या आधी, दुपारीच तो घेऊन ठेवा. एखादा सिनेमा नेमका कुठे आहे हे कळत नसेल तर ‘जस्टवॉच’वर नाव टाकून शोधा. तिथेही दिसला नाही, तर तो अजून ओटीटीवर आलेला नसण्याचीच शक्यता जास्त. थिएटरनंतर काही आठवडे लागतात. तोवर कुणी ‘फुल एचडी’ देतो म्हणाला तर तो काय देतोय ते वर सांगितलंच आहे.