पिकअपवर कॅम्पर चढवण्यापूर्वीची तयारी

पिकअपच्या हौद्यात सरकवून बसवायचा आणि प्रवास संपल्यावर उतरवून ठेवायचा कॅम्पर, म्हणजे झोपण्या-राहण्याची सोय असलेली खोली, कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत बांधून घेण्याचा विचार असेल, तर आराखडा काढण्याआधी गाडीचा काटा करून घ्यावा. डिझेलची टाकी भरलेली, स्टेपनी जागेवर आणि नेहमी प्रवास करणारी माणसे आत बसलेली, अशा स्थितीत हे वजन घ्यावे. एकदा पूर्ण गाडीचे, एकदा फक्त पुढची चाके काट्यावर ठेवून आणि एकदा फक्त मागची. आरसीवर नोंदवलेल्या कमाल भारासहित वजनातून पूर्ण गाडीचे वजन वजा केल्यावर जे उरते, तेवढ्यातच कॅम्पर आणि त्यातील सर्व सामान बसले पाहिजे. ‘दीड टनी गाडी आहे’ एवढ्या भरवशावर कॅम्परचा आकार ठरवू नये, आणि ‘ओढतीय की गाडी’ हा तर पुरावाच नव्हे, कारण इंजिन ओढते म्हणून ब्रेक, टायर आणि मागचा अ‍ॅक्सल तेवढा भार पेलतातच असे नाही. उसाच्या ट्रॉल्या पाहून सरावलेल्या आपल्या डोळ्यांना जादा भार सहसा जादा वाटत नाही, म्हणून पावतीवरचा आकडाच खरा मानावा.

कॅम्परचे वजन विचारताना ते रिकाम्याचे आहे की भरलेल्याचे, हे लेखी घ्यावे. समजा, आरसीनुसार मर्यादा 2,900 किलो आहे आणि माणसांसह गाडी 1,950 किलो भरली, तर हाती 950 किलो राहतात. रिकामा कॅम्पर 550 किलोचा असेल, तर 100 लिटर पाण्याचे 100, इन्व्हर्टरच्या मोठ्या बॅटरीचे सुमारे 60 आणि शेगडी, गॅस, अंथरूण-पांघरूण, भांडी व शिधा यांचे 120 किलो धरून बेरीज 830 वर जाते. उरलेले 120 किलो मोकळेच ठेवावेत. पावसाळ्यात ताडपत्री, दोर आणि ओले कपडे त्यातलेच काही खातात.

यानंतर कॅम्परचा गुरुत्वमध्य, म्हणजे त्याचे सगळे वजन जिथे तोलले जाते तो बिंदू, पाहावा, आणि खरी चूक बहुधा इथेच होते. अमेरिकेत कारखान्यातून येणाऱ्या अशा कॅम्परच्या बाजूला त्याची खूण असते. आपण बांधून घेतलेल्यात ती स्वतः शोधावी लागते. कॅम्पर चढवून पुन्हा पुढच्या आणि मागच्या चाकांचा वेगवेगळा काटा करावा. पुढच्या चाकांवरचे वजन पूर्वीपेक्षा थोडे वाढले, तर गुरुत्वमध्य मागच्या अ‍ॅक्सलच्या पुढे आहे, आणि तो तिथेच हवा. ते घटले, तर तो मागे गेला आहे आणि स्टिअरिंग हलके पडणार. दोन अ‍ॅक्सलमधील अंतर 3,000 मिलिमीटर, कॅम्पर 800 किलोचा आणि पुढची वाढ 40 किलो असेल, तर गुरुत्वमध्य मागच्या अ‍ॅक्सलच्या 150 मिलिमीटर पुढे आहे. तो मागे जात असल्यास पाण्याची टाकी आणि बॅटरी केबिनच्या बाजूला सरकवून घ्यावी. त्यामुळे ही तपासणी आतले फर्निचर पक्के होण्याआधीच करणे सोयीचे.

मापे टेपने स्वतः घ्यावीत. मालवाहू पिकअपचा हौदा चाकांच्या वर सपाट असतो, तर दुहेरी केबिनच्या गाड्यांत तो आखूड असून चाकांच्या कमानी आत येतात, म्हणून तिथे कमानींमधील रुंदी हेच खरे माप. फाळका बंद होणार की काढून ठेवावा लागणार, केबिनच्या टपावर येणारा झोपण्याचा भाग आणि टप यांत मोकळी जागा राहते का, मागचे दिवे व नंबर प्लेट झाकली जात नाही ना, आणि कॅम्पर उचलणाऱ्या चार जॅकमधून गाडी मागे घेता येते का, हे क्रमाने पाहावे. बांधणीचे टर्नबकल, म्हणजे फिरवून ताण देणारे आवळे, चेसिसला जोडलेल्या कड्यांना लावावेत, हौद्याच्या पत्र्याला नव्हे.

टायरच्या बाजूवरील भारांक वाचावा. 100 हा अंक म्हणजे एका टायरला 800 किलो, आणि मागच्या दोन टायरांची मिळून क्षमता मागच्या काट्यापेक्षा स्पष्टपणे जास्त असावी. स्प्रिंगचे पाटे वाढवून गाडी भाराने खाली बसत नाही एवढेच साधते, आरसीवरील मर्यादा वाढत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 मध्ये 2019 च्या दुरुस्तीनंतर जादा भारासाठी 20,000 रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे 2,000 रुपये दंडाची तरतूद आहे. कायमस्वरूपी बदल करायचा असल्यास कलम 52 लागू होते, म्हणून आरटीओ कार्यालयात आधीच विचारणा करावी. गाडी चालू असताना कॅम्परमध्ये कोणालाही बसू देऊ नये.

पहिली फेरी भरलेल्या टाकीनिशी सपाट रस्त्यावर करावी. करूळ किंवा आंबा घाटात उतरण्यापूर्वी थांबून टर्नबकल पुन्हा आवळावेत, टायरची हवा पाहावी आणि उतरताना खालच्या गिअरमध्येच राहावे.