पॉपलरच्या पानावरचा डाग: फवारणीआधी काय तपासावे

हरियाणातील यमुनानगरपासून उत्तराखंडच्या तराईपर्यंत पॉपलर या लाकडासाठी लावल्या जाणाऱ्या झाडाच्या ओळींमध्ये ऊस, गहू किंवा बरसीम हा हिरवा चारा घेतला जातो. पावसाळा लागला की एखादे वाळके पान खिशात घालून औषधाच्या दुकानात जाणारे शेतकरी तिथे हमखास भेटतात. वाळक्या पानावरून रोग ओळखणे अवघड असते. डाग नुकते उमटू लागलेली आठ-दहा हिरवी पाने देठासह तोडावीत आणि झाडाच्या कोणत्या बाजूची आहेत हे त्याच वेळी लिहून ठेवावे.

पान आधी उलटून पाहावे. मागच्या बाजूची नारिंगी-पिवळी पूड बोटाला लागली तर तो तांबेरा होय. विलो या पॉपलरच्याच कुळातील झाडाच्या फांदीवरचा काळा थर ओल्या फडक्याने पुसला गेला तर ती कोळशी, म्हणजे माव्याच्या चिकट स्रावावर वाढणारी काळी बुरशी असते, आणि मग बुरशीनाशकापेक्षा वर बसलेला मावा शोधणे महत्त्वाचे ठरते.

खरी फसगत मुरडलेल्या पानांत होते. एका मे महिन्यात माझ्या दुसऱ्या वर्षाच्या झाडांचे शेंडे वाकडे झाले, कोवळी पाने वाटीसारखी वळली आणि त्यांच्या शिरा पंख्यासारख्या दाटल्या. दुकानदाराने ‘करपा’ म्हणून मॅन्कोझेब हे बुरशीनाशक दिले, मी ते दोनदा फवारले आणि काहीही बदलले नाही. शेवटी लक्षात आले की बिघाड फक्त शेजारच्या उसाकडील दोन ओळींत होता आणि तिथे आठवड्यापूर्वी टू-फोर-डी हे तणनाशक मारले गेले होते. त्याचे एस्टर रूप उन्हात वाफ होऊन दूर जाते. सांगली-नाशिककडच्या द्राक्षबागायतदारांना हे दुखणे वेगळे सांगायला नको.

म्हणून मुरड दिसली की मी पानाआधी शेत पाहतो. बुरशी एका कोपऱ्यातून किंवा खालच्या पानांवरून हळूहळू पसरते, जुने-नवे डाग एकत्र दिसतात. तणनाशकाचा मार एका बाजूने आणि एकाच वेळी बसतो, त्या वेळी कोवळी असलेली पानेच बिघडतात, आणि बांधावर कपाशी, भेंडी किंवा टोमॅटो असल्यास तीही तशीच मुरडते. बुरशी उगवते का हे पाहण्यासाठी पान ओल्या कागदात गुंडाळून डब्यात दोन दिवस ठेवावे, हा सल्ला सर्वत्र मिळतो. तो वाईट नाही, पण मेलेल्या भागावर अल्टरनेरियासारखी बुरशी तशीही उगवते, त्यामुळे केवळ तिच्या लवेवरून निष्कर्ष काढू नये. शंका उरली तर ताजे नमुने लुधियानाचे पंजाब कृषी विद्यापीठ किंवा डेहराडूनची वन संशोधन संस्था येथे दाखवावेत.

रोग पक्का झाल्यावरच लेबल वाचावे. १९६८च्या कीटकनाशक कायद्याखाली नोंदणी होते ती विशिष्ट पिकावरील विशिष्ट कीड-रोगासाठी. औषधाच्या डब्यासोबतच्या पत्रकात पीक, मात्रा आणि प्रतीक्षा कालावधी (फवारणीनंतर काढणीपर्यंत थांबायचे दिवस) दिलेला असतो, आणि फरीदाबादच्या केंद्रीय कीटकनाशक मंडळाच्या संकेतस्थळावरील मंजूर वापरांच्या याद्यांशी तो ताडून पाहता येतो. डब्यावरचा हिरवा त्रिकोण म्हणजे परवानगी, हा गैरसमज मी अनेकांकडून ऐकला आहे. त्रिकोणाचा रंग केवळ विषारीपणा सांगतो. ‘सगळ्या झाडांवर चालते’ असे तोंडी सांगून दिलेले औषध माझ्या मते परत करावे, कारण पत्रकात पॉपलर नसेल तर त्याची मात्राही कुणी ठरवलेली नसते.

आंतरपिकाचा विचारही याच वेळी करावा. वरून मारलेले औषध खालच्या बरसीमवर पडते आणि तेच बरसीम दुसऱ्या दिवशी गोठ्यात जाते, म्हणून चाऱ्यासाठीही त्या औषधाला मंजुरी नसेल तर फवारणी रद्द करावी किंवा तो चारा जनावरांना घालू नये.

फवारणी वारा नसताना सकाळी करावी. तीन वर्षांपुढच्या उंच झाडांवर पाठीवरचा पंप शेंड्यापर्यंत पोहोचत नाही, आणि ऑक्टोबरअखेर दिसणाऱ्या डागांसाठी पंप भरूच नये, कारण ती पाने थोड्याच आठवड्यांत गळणार असतात.