अणुकचऱ्याचा सरकारी मसुदा हाती आला, तर आधी काय शोधायचं

अणुकचऱ्याच्या धोरणाचा मसुदा हरकती-सूचनांसाठी खुला होतो तेव्हा तो जाडजूड असतो आणि मुदत तुटपुंजी. बहुतेक जण प्रस्तावनेपासून सुरुवात करतात आणि ‘सुरक्षित’, ‘शाश्वत’, ‘जागतिक दर्जाचे’ या शब्दांतच दमून जातात. मी भूजलाचं काम करते, त्यामुळे असे मसुदे वाचणं नेहमीचंच आहे. प्रस्तावना मी सगळ्यात शेवटी वाचते. या सगळ्या कागदांतून एकच गोष्ट हुडकायची असते: हा कचरा आज कोणाच्या अंगावर आहे, आणि ती कंपनी उद्या बुडाली तर कोणाच्या.

सुरुवात परिशिष्टातल्या कचऱ्याच्या तक्त्यापासून करा. एकूण आकारमानाकडे फारसं लक्ष देऊ नका. हातमोजे, गाळण्या, पाडलेल्या इमारतींचा राडारोडा यांनीच तो आकडा फुगतो. अणुभट्टीत वापरलेलं इंधन आणि अतितीव्र किरणोत्सारी कचरा जागा थोडी व्यापतात, पण किरणोत्साराचा बहुतेक भाग त्यांच्यातच असतो. मग मूलद्रव्यांची नावं बघा. सिझियम-१३७ चा अर्धायुकाल, म्हणजे किरणोत्सार निम्म्यावर यायला लागणारा काळ, सुमारे ३० वर्षं. दहा अर्धायुकाल गेले की किरणोत्सार साधारण हजारावा भाग उरतो, म्हणजे सिझियमला ३०० वर्षं पुरतात. प्लुटोनियम-२३९ चा अर्धायुकाल २४ हजार वर्षांच्या आसपास, म्हणून त्याच हिशेबाने दोन लाख चाळीस हजार वर्षं. तक्त्यात प्लुटोनियम असेल आणि देखरेखीचा काळ शे-दीडशे वर्षांचा लिहिलेला असेल, तर त्यानंतरचं काय, ही तुमची पहिली हरकत.

आता पेन्सिल घ्या आणि ‘योग्य ती व्यवस्था करण्यात येईल’ अशी वाक्यं अधोरेखित करत चला. प्रत्येक वाक्याशेजारी लिहा: कोण करणार, कधीपर्यंत, आणि नाही केलं तर काय? तिसरा प्रश्न कधीही गाळू नका, कारण नुसती तारीख पुरत नाही. अमेरिकेने १९८२ साली कायदाच केला आणि ३१ जानेवारी १९९८ पासून अणुवीज कंपन्यांचं वापरलेलं इंधन ताब्यात घ्यायला सुरुवात करू, असा करार केला. तो दिवस आला, पण ठेवायला जागाच तयार नव्हती. कंपन्या कोर्टात गेल्या, भरपाईचे अब्जावधी डॉलर सरकारी तिजोरीतून, म्हणजे करदात्यांच्या खिशातून गेले, आणि इंधन अजूनही ठिकठिकाणच्या प्रकल्पांच्या आवारात पडून आहे.

‘कोण’ याचं उत्तर शोधताना १९९७ चा आंतरराष्ट्रीय संयुक्त करार हाताशी ठेवा. वापरलेलं इंधन आणि किरणोत्सारी कचरा यांच्या सुरक्षित व्यवस्थापनाचा हा करार आहे. त्याचं २१ वं कलम छोटं आहे, पण फार उपयोगी. पहिली जबाबदारी परवानाधारकाची, आणि परवानाधारकच उरला नसेल तर त्या देशाची. प्रस्तावनेतही अंतिम जबाबदारी देशाचीच, असं स्वच्छ म्हटलं आहे. तुमच्या मसुद्यात ही दुसरी पायरी लिहिली आहे का? नसेल, तर ती शब्दशः घाला म्हणून मागणी करा. तुमचा देश या करारात नसला तरी मोजपट्टी म्हणून कलम वापरायला हरकत नाही.

पैशाचं प्रकरण सावकाश वाचा. निधी आहे का, एवढं विचारून थांबू नका. तो कोण भरतं, कुठे ठेवला जातो आणि कोणाच्या सहीने बाहेर पडतो, ते बघा. अमेरिकेत विजेच्या प्रत्येक युनिटमागे सेंटचा दहावा भाग घेऊन मोठा निधी जमला. पण संसदेने तरतूद मंजूर केल्याशिवाय त्याला हात लावता येत नाही, आणि कचऱ्याची योजनाच रखडल्यावर कोर्टाच्या आदेशाने २०१४ पासून ही वसुली शून्यावर आली. जर्मनीने वेगळी वाट धरली. २०१७ साली कंपन्यांनी सुमारे २४ अब्ज युरो सरकारी निधीत भरले आणि साठवण व विल्हेवाटीची आर्थिक जबाबदारी सरकारकडे गेली. पैसा आधीच हातात आला, हे चांगलंच झालं. पण खर्च वाढला तर वरचा भार जनतेवर पडणार. म्हणून असा एकरकमी सौदा मसुद्यात दिसला की तूट कोण भरणार, हे लेखी मागायचंच.

पाण्याचा भाग मात्र मी ओळ न् ओळ वाचते. पुरलेला कचरा माणसांपर्यंत परत येतो तो मुख्यतः पाण्याबरोबर. जर्मनीतली आसे ही मिठाची जुनी खाण बघा. १९६७ ते १९७८ या काळात तिथे संशोधनाच्या नावाखाली कमी आणि मध्यम किरणोत्सारी कचऱ्याची सव्वा लाखावर पिंपं ठेवली गेली. मीठ कोरडं, म्हणजे जागा सुरक्षित, असा तर्क होता. पण खाणकामाने आधीच पोखरलेला डोंगर हलला, भेगा पडल्या आणि १९८८ पासून खारं पाणी आत झिरपू लागलं, दिवसाला हजारो लिटर. आता तीच पिंपं पुन्हा बाहेर काढायचा कायदा आहे, आणि ते काम पुरण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे.

म्हणून ‘भूजल प्रतिरूपानुसार (म्हणजे भूजलाच्या गणिती मॉडेलनुसार) धोका नगण्य’ या वाक्यावर समाधान मानू नका. विंधन विहिरींच्या मूळ नोंदी मागा: प्रत्येक विहिरीची खोली, पाण्याची पातळी ऋतूनुसार किती हलते, क्षारता किती, पाण्याचं वय किती, म्हणजे ते जमिनीत मुरून किती काळ झाला. खोलवरचं पाणी अतिशय जुनं आणि खारट असेल, तर त्याची वरच्या पाण्याशी फारशी देवाणघेवाण होत नाही, आणि जागेच्या बाजूने हा चांगला पुरावा असतो. त्याच खोलीवर तरुण, गोडं पाणी सापडलं, तर कुठूनतरी वाट आहे. फिनलंडच्या ओन्कालो या भूमिगत कचरा-भांडारात ४०० मीटरहून खोल, जुन्या स्फटिकी खडकात तांब्याची पिंपं आणि भोवती बेंटोनाइट ही पाण्याने फुगणारी माती अशी योजना आहे. एक अडसर निकामी झाला तर दुसरा उभा राहावा, हा हेतू. तुमच्या मसुद्यात असे अडसर किती, तेही मोजा.

युरेनियमच्या खाणी ज्यात येतात तो खनिज धोरणाचा मसुदा वेगळ्या खात्याकडून येतो आणि तिथेच लोक फसतात. युरेनियम काढून घेतल्यावर उरलेल्या गाळात मूळ खनिजातला सुमारे ८५ टक्के किरणोत्सार तसाच राहतो, कारण थोरियम-२३० आणि रेडियम मागेच उरतात. १६ जुलै १९७९ रोजी न्यू मेक्सिकोतल्या चर्च रॉकला अशा गाळाचा बांध फुटला आणि सुमारे ३५ कोटी लिटर आम्लयुक्त किरणोत्सारी पाणी पुएर्को नदीत गेलं. तिथल्या मूळनिवासी नावाहो लोकांची गुरं त्या नदीवर पाणी प्यायची. तेव्हा दोन्ही मसुदे शेजारी ठेवा आणि खाणीचा गाळ कचऱ्याच्या तक्त्यात धरला आहे की नाही, ते पडताळा. वगळला असेल तर तीच तुमची सगळ्यात जोरदार हरकत.

स्थानिकांच्या संमतीसाठी एकच कसोटी लावा: ‘नाही’ म्हटलं तर ते चालतं का? फिनलंडच्या कायद्यात नगरपालिकेला नकाराधिकार आहे, आणि ओन्कालो जिथे आहे त्या एउराजोकी नगरपालिकेने तो हातात असताना होकार दिला. अमेरिकेत युक्का पर्वतात कचरा पुरायच्या प्रकल्पाला नेवाडा राज्याने नकार दिला, तो २००२ साली संसदेने उलटवला. काही वर्षांत तो प्रकल्पच ठप्प झाला.

हरकत लिहिताना भाषण नको. पान क्रमांक, परिच्छेद क्रमांक, मूळ वाक्य, तुमचा प्रश्न आणि तुम्हाला हवं असलेलं वाक्य. एका मुद्द्याला एक परिच्छेद, म्हणजे दहा मुद्द्यांना मिळून एकच उत्तर देऊन कोणाला सुटता येत नाही. पोच घ्या. संयुक्त करारातले देश दर तीन वर्षांनी अहवाल देतात. आपल्या देशाचा असेल तर लागोपाठचे दोन काढून तारखांचे रकाने जुळवा. आधीच्या अहवालातलं वर्ष पुढच्यात गुपचूप पुढे ढकललेलं दिसलं, तर दोन्ही पानांच्या प्रती हरकतीला जोडा आणि उशिराचं कारण व जबाबदार अधिकाऱ्याचं पद विचारा.