मकाऊ एका दिवसात पायी कसं बघायचं, खास गोंयकारांसाठी

हाँगकाँगला गेलेले आपले बरेच लोक एक दिवस मकाऊला जातात ते कॅसिनो बघायला. आता मांडवीतल्या कॅसिनोच्या बोटी रोज बघणाऱ्याने एवढ्या लांब जाऊन परत तेच बघायचं हे मला तरी पटत नाही, त्यापेक्षा जुनं शहर पायी फिरा, सगळं जवळजवळ आहे आणि निम्म्या गोष्टी ओळखीच्या निघतात.

थोडा इतिहास माहीत असलेला बरा. पोर्तुगीज इथे 1557 ला वसले आणि 1844 पर्यंत मकाऊचा कारभार गोव्याच्या हाताखाली होता. गोव्याहून निघालेलं जहाज मलाक्का, मकाऊ करत जपानला नागासाकीपर्यंत जायचं, चिनी रेशीम द्यायचं जपानी चांदी घ्यायची, त्यात मकाऊ गब्बर झालं. मग 1639 ला जपानने पोर्तुगीजांना हाकललं, दोन वर्षांनी मलाक्का डचांनी घेतलं, आणि 1842 नंतर इंग्रजांनी हाँगकाँगचं खोल बंदर उभं केल्यावर उरलासुरला धंदा तिकडे गेला. चीनला शहर परत मिळालं 20 डिसेंबर 1999 ला, म्हणजे आपल्या मुक्तिदिनाच्या दुसऱ्या दिवशीच, फक्त 38 वर्षं उशिरा.

हाँगकाँगहून फेरीने साधारण तास लागतो, नाहीतर 2018 ला सुरू झालेल्या समुद्रावरच्या पुलावरून बस आहे. भारतीय पासपोर्टवर मकाऊत 30 दिवस व्हिसा लागत नाही, पण हाँगकाँगसाठी आधी ऑनलाइन रजिस्ट्रेशन करावं लागतं, मेनलँड चीनचा व्हिसा वेगळा. तिकीट काढण्याआधी नियम परत चेक करा. (पोर्तुगीज पासपोर्ट काढून बसलेल्यांनी आपले आपले नियम बघावेत.)

सुरुवात जुन्या शहराच्या दक्षिण टोकाला आ-मा देवळापासून करा, दर्यावर्दींची देवी आहे, देऊळ पोर्तुगीज यायच्या आधीपासूनचं मानतात, छताला उदबत्त्यांची मोठमोठी वेटोळी टांगलेली असतात. तिथून थोडं चढलं की पिवळी-पांढरी मूरिश बॅरेक्स. टुरिस्ट फोटो काढून पुढे जातात पण आपण इथे थांबायचं, कारण 1874 ची ही इमारत मकाऊच्या पोलिसांना मदत म्हणून गोव्याहून आणलेल्या पलटणीसाठी बांधली होती. एवढ्या लांब ड्युटीला पाठवलेली आपली पोरं त्या व्हरांड्यात उभं राहून काय बघत असतील देव जाणे! आता आत सरकारी ऑफिस आहे, बाहेरूनच बघायचं.

पुढे लिलाउ नावाचा चौक, मँडरिन्स हाउस हा जुना चिनी वाडा, मग सेंट जोसेफ सेमिनरीचं चर्च. सायबाचं, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरचं, शव जुन्या गोव्यात आहे हे आपल्याला माहीतच आहे, पण त्याच्या हाताचं एक हाड इथे ठेवलंय. 1552 ला तो वारला तेही चीनच्या किनाऱ्याजवळच्याच बेटावर.

सेनादो चौकातून सेंट पॉलच्या अवशेषांकडे गर्दी खूप असते, हा टप्पा आधी हवा असेल तर सकाळी लवकर जा आणि बाकीचं उलटं फिरा. 1640 ला पुरं झालेलं हे चर्च 1835 च्या आगीत जळालं, फक्त पुढची भिंत उरली. त्या भिंतीवर चिनी अक्षरं आहेत, बऱ्याच तोंडांच्या ड्रॅगनवर उभी मेरी आहे, कोरणाऱ्यांत जपानमधून पळून आलेले ख्रिस्ती कारागीर होते, पाच मिनिटांत आटपू नका. जुन्या गोव्यातसुद्धा सेंट पॉल कॉलेजची एक कमानच राहिलीय. वरच्या मोन्ते किल्ल्यावरून 1622 ला डचांना तोफांनी पळवलं होतं, म्युझियम तिथेच आहे, सोमवारी बंद. पायांत जोर उरला तर गिया किल्ल्याचं 1865 चं दीपगृह बघा, आपल्या आग्वादच्या जुन्या दीपगृहाच्याच काळातलं.

जेवायला मकानीज, म्हणजे पोर्तुगीज-चिनी मिश्र पद्धतीचं, हॉटेल शोधा. मिंची म्हणजे खिम्यासारखं, आफ्रिकन चिकन मसालेदार, बालिशाँव म्हणजे कोळंबीचा आंबवलेला मसाला, आपल्या बलचांवचा नातेवाईक, आणि बेबिंका मिळते पण थर नसतात, नारळाच्या दुधाचं पुडिंग असतं, आपल्या आजीसमोर त्याला बेबिंका म्हणू नका. एग टार्ट खायला जुन्या शहराबाहेर, दक्षिणेच्या कोलोआन भागात लॉर्ड स्टोज बेकरी.

हाँगकाँग डॉलर सगळीकडे चालतात, बसला मात्र सुटे ठेवा, परत देत नाहीत. कॅसिनोंच्या फ्री शटल बस फेरी टर्मिनलवर उभ्या असतात, खुशाल बसा, आत जाऊन खेळायची सक्ती नाही. ऑक्टोबरचा पहिला आठवडा आणि चिनी नववर्ष या चिनी सुट्ट्यांत गर्दी असते, ते दिवस टाळा, नोव्हेंबरात ग्रँड प्री या कार रेसच्या वेळी रूम महाग होतात, आणि जुलै ते सप्टेंबर तर टायफूनमुळे फेरी कधीही बंद पडू शकते.