वाया जाणाऱ्या उष्णतेपासून वीज: यंत्र घेण्याआधीचा हिशेब

कारखान्यातून 80 ते 150 अंश सेल्सिअस तापमानाचे पाणी किंवा धूर बाहेर पडत असेल, तर त्यापासून वीज निर्माण करता येते. मात्र त्याआधी हीच उष्णता बॉयलरला जाणारे पाणी तापवण्यासाठी किंवा माल वाळवण्यासाठी वापरता येईल का, हे पाहावे, कारण थेट वापरात तिचा बराचसा भाग कामी येतो, तर वीज करताना अगदी थोडा.

तशी सोय नसेल तर मोजमापाला लागावे. नुसते तापमान पुरेसे नाही. प्रवाह किती, तो किती तास टिकतो आणि उत्पादन मंदावल्यावर किती घटतो, याची काही आठवडे नोंद ठेवावी. समजा, दर सेकंदाला 5 किलो पाणी 90 अंशांवरून 70 अंशांपर्यंत उतरवता येते. मग 5 × 4.18 (पाण्याची विशिष्ट उष्णता) × 20, म्हणजे सुमारे 418 किलोवॅट उष्णता मिळते. यंत्र उरलेली उष्णता जिथे टाकते ती थंड बाजू 30 अंशांवर असताना कार्नोची मर्यादा (उष्णतेचा जास्तीत जास्त किती भाग विजेत बदलू शकतो ती सैद्धांतिक मर्यादा) केल्विन तापमानांत (363 − 303) ÷ 363, म्हणजे साधारण 16.5 टक्के येते आणि प्रत्यक्ष यंत्र तिच्या निम्म्यापर्यंतही क्वचितच पोहोचते. 6 टक्के धरल्यास 25 किलोवॅट वीज मिळेल. त्यातून पंप व कूलिंग टॉवरच्या पंख्यांचा वापर वजा करून उरणारी निव्वळ वीज किती, हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे.

माझ्या मते सर्वाधिक विचार थंड बाजूचा करावा. वरच्या उदाहरणात जवळजवळ 390 किलोवॅट उष्णता बाहेर टाकावीच लागते, आणि थंड बाजू 40 अंशांवर गेली की मर्यादा 13.8 टक्क्यांवर घसरते. अलास्कातील चेना येथे 2006 पासून केवळ 74 अंशांच्या भूगर्भीय पाण्यावर वीजनिर्मिती झाली, ती तिथे अतिशय थंड पाणी उपलब्ध होते म्हणून. हिशेब नेहमी वर्षातील सर्वांत उष्ण दिवस धरून करावा.

या तापमानाला बहुधा ऑरगॅनिक रँकिन सायकल वापरतात. त्यात पाण्याऐवजी कमी तापमानाला उकळणारा द्रव असतो आणि त्याची वाफ टर्बाइन फिरवते. पेंटेन वातावरणीय दाबाला सुमारे 36 अंशांवर उकळतो, पण तो ज्वालाग्राही असल्याने गळती ओळखणारे सेन्सर व खेळती हवा अनिवार्य आहे. उष्णता धुरातून घ्यायची असेल आणि इंधनात गंधक असेल, तर धूर फार थंड करू नये. आम्ल साचून हीट एक्स्चेंजरच्या (धुरातील उष्णता द्रवाला देणाऱ्या उपकरणाच्या) नळ्या गंजतात. शेवटी, बायपास नळी ठेवूनच जोडणी करावी, म्हणजे वीजसंच बंद पडला तरी मूळ उत्पादन अडणार नाही.