जुन्या वस्तीत परवडणारं घर घ्यायचंय? आधी भिंतीला हात लावून बघा

शहराचा एखादा जुना भाग, जिथून वर्षानुवर्षं लोक फक्त बाहेरच पडत होते, तिथे परत संध्याकाळी खिडक्यांत दिवे दिसायला लागले की मला खूप बरं वाटतं. नवीन टॉवरमधला फ्लॅट ज्यांना झेपत नाही त्यांना चांगलं घर मिळायची शक्यता अशाच ठिकाणी असते, उंच छत, जाड भिंती, सगळं चालत जायच्या अंतरावर. फक्त होतं काय, की कोरीव दार आणि जुना जिना बघून माणूस विरघळतो आणि टोकन देऊन मोकळा होतो, म्हणून क्रमाने लिहितेय.

आधी घर नाही, वस्ती बघायची. सकाळी जा, रात्री उशिरा जा, आणि जोरदार पाऊस पडून गेल्यावर तर नक्की जा. दोनचार कॅफे उघडले म्हणून भाग सुधारला असं धरू नका. रस्ता खणून ड्रेनेज आणि पाण्याच्या नवीन लाइन टाकतायत का, फूटपाथ नीट होतायत का, शाळा चालू आहेत का आणि लोक घरं दुरुस्त करून स्वतः राहतायत की घेऊन कुलूप लावून ठेवतायत, हे बघा. तिथे जुने राहणारे असतात त्यांच्याशी निवांत बोला, पाणी कुठे तुंबतं आणि कुठल्या घराची भिंत सुटलीय हे त्यांना एजंटपेक्षा जास्त माहीत असतं.

बजेट मांडताना घराची किंमत, नोंदणीचा खर्च, दुरुस्ती आणि दुरुस्तीच्या अंदाजावर आणखी 20 टक्के, असं धरा. जुन्या घरात भिंत उघडल्याशिवाय आत काय आहे ते कळत नाही, म्हणून ते 20 टक्के. जुन्या बांधकामाला लोन द्यायला बऱ्याच बँका कां कू करतात, तेव्हा टोकन द्यायच्या आधी बँकेला विचारा, आणि दुरुस्तीसाठी वेगळं लोन मिळेल का तेही.

कागदपत्रं वकिलाकडूनच तपासून घ्या, यात पैसे वाचवू नका. पिढ्यानपिढ्यांच्या घराला वारस भरपूर असतात आणि एकाची सही राहिली तरी व्यवहार अडकतो. घर हेरिटेज यादीत आहे का ते बघा, कारण मग खिडकी बदलायलासुद्धा परवानगी लागू शकते, पण काही ठिकाणी त्यासाठी अनुदान किंवा करात सूटही मिळते. रस्तारुंदीकरणात जागा जातेय का ते विचारा. आणि आत भाडेकरू असेल तर स्वतः जाऊन भेटा. 1964 मध्ये रूथ ग्लास या समाजशास्त्रज्ञ बाईंनी लंडनच्या कामगार वस्त्यांत पैसेवाले येऊन मूळचे लोक कसे बाहेर ढकलले जातात हे मांडलं आणि त्याला जेंट्रिफिकेशन हा शब्द दिला. आपलं घर कुणाला रस्त्यावर काढून होत असेल तर ते घर सोडून द्यावं, हे माझं अगदी मनापासूनचं मत आहे.

आता भिंत. जुनी वीट आणि चुन्याची भिंत श्वास घेते, म्हणजे आत गेलेली ओल चुन्याच्या सांध्यांतून बाहेर पडून वाळते. त्यावर कुणी सिमेंटचा गिलावा केला की ओल आत कोंडते, मग गिलाव्याचे पोपडे सुटतात, विटेचा पृष्ठभाग भुगा होऊन गळतो. एका घरात बाहेरून भिंत एकदम चकाचक, नवीन रंग, पण जमिनीपासून हातभर उंचीवर तळवा टेकवला तर गार आणि दमट, आणि कपाट सरकवल्यावर मागे पांढरा लोणा, म्हणजे ओलीबरोबर बाहेर आलेले क्षार, फुललेला! ताज्या रंगाचा वास आला की म्हणून मी जास्तच बारकाईने बघते. केसासारख्या बारीक तडा सगळीकडे असतात, पण 5 मिमीपेक्षा रुंद किंवा जिन्याच्या पायऱ्यांसारखी तिरकी चढत गेलेली तड असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअर आणल्याशिवाय पुढे जायचं नाही. लाकडी तुळईचं टोक भिंतीत शिरतं तिथेच ती आधी कुजते, घरमालकाला विचारून तिथे स्क्रू ड्रायव्हर टोचून बघा, सहज आत गेला तर आतून लाकूड संपलंय. वरच्या मजल्यावरचे दोन नळ एकदम सोडा, धार बारीक झाली तर जुने लोखंडी पाइप आतून गंजून बुजले असतील. कापडी किंवा रबरी आवरणाची वायर दिसली तर पूर्ण वायरिंग नवीन धरा. ॲस्बेस्टॉसचे पत्रे असतील तर ते स्वतः फोडू नका, जुना रंगही घासू नका, त्यात शिसं असू शकतं.

इंजिनिअरचा रिपोर्ट हातात आला की त्यातल्या खर्चाचा आकडा समोर ठेवून किंमत बोला, नुसतं कमी करा म्हणून फारसं कुणी कमी करत नाही.

ताबा मिळाल्यावर आधी छप्पर, पन्हाळी आणि पाइप, मग तुळया, मग वायरिंग. सिमेंटचा गिलावा हळूच काढून परत चुन्याचा करा, तो कारागीर शोधायला वेळ लागतो म्हणून आधीच शोधून ठेवा. ओली भिंत साधारण महिन्याला एक इंच वाळते, म्हणजे नऊ इंची भिंतीला नऊएक महिने, रंग त्यानंतर.